हात किती टक्क्यांचा?

रस्त्यावर पडून हातपाय मोडलेल्या माणसाला भरपाई किती द्यायची, हे ठरवताना मोटार अपघात दावा प्राधिकरणाचा बराचसा वेळ जातो तो हा माणूस पडण्याआधी काय करत होता आणि किती कमावत होता, या प्रश्नात. अपघात झाला याबद्दल सहसा वाद नसतो. एक्स-रे असतो, डिस्चार्ज कार्ड असते, पायातली प्लेट चालताना दिसतेच. वाद असतो तो कमाईचा, आणि पुण्यातल्या शनिवार पेठेसारख्या वस्तीत नेमके तेच सिद्ध करणे अवघड जाते.

पेठेची कमाई कशी चालते ते बघा. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर उभा असलेला सेल्समन, डीटीपी करणारी मुलगी, वाड्याच्या तळमजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेणारे सर, पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या काकू, ओंकारेश्वरापाशी श्राद्धपक्ष चालवणारे गुरुजी, गणपतीच्या दिवसांत आणि एरवी लग्नकार्यात तबला वाजवणारा कलाकार. यातल्या बहुतेकांचे पैसे रोख येतात, हल्ली मोबाइलवर येतात आणि वहीत उतरलेच तर पेन्सिलीने. पावती नाही, पगारपत्रक नाही. आयकर विवरण भरलेले असेल तर कर्ज काढायच्या वर्षापुरते. उत्पन्न कागदावर न आणण्यात आपण शहाणपणा मानतो. अपघाताच्या दाव्यात त्या शहाणपणाची किंमत लाखांत मोजावी लागते.

पण आधी टक्क्यांचा गोंधळ निस्तरू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे.

ससूनमधून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर आकडा असतो : ३५ टक्के, ४५ टक्के. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे. त्यामुळे घरातल्यांचे सगळे लक्ष हा आकडा चाळिसाच्या वर जातो की नाही याकडे लागते. एसटीची सवलत, नोकरीतला राखीव कोटा यांच्यासाठी ते ठीकच आहे. अपघाताच्या दाव्यात मात्र या रेघेला काही अर्थ नाही. तिथे विचारतात, या दुखापतीने माणसाची कमावण्याची ताकद किती गेली? डॉक्टर शरीर मोजतात, प्राधिकरण रोजगार मोजते, आणि ही दोन मापे एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात इतका स्वच्छ करून ठेवला आहे की त्यानंतर त्यावर घोळ होण्याचे खरे तर कारण नव्हते. न्या. रवींद्रन यांनी त्यात दिलेले उदाहरण दावेवाल्या वकिलांना पाठ असते. डावा हात कापावा लागला तर वैद्यकीय अपंगत्व साधारण ६० टक्के धरतात. हा माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमावण्याची शक्ती जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल आणि त्याची नोकरी टिकली तर उत्पन्नाचे नुकसान शंभर टक्के तर नाहीच, ६० टक्केही धरता येणार नाही. त्याला वेगळ्या मथळ्याखाली, म्हणजे जगण्यातली सुखे हिरावल्याबद्दल, रक्कम मिळेल. आणखी एक गोष्ट त्याच निकालात आहे. एका पायाचे अपंगत्व ४५ टक्के म्हणजे अख्ख्या शरीराचे ४५ टक्के नव्हे. प्रमाणपत्रात ‘कुठल्या अवयवाचे’ हे लिहिलेले असते, पण ते वाचायला कुणाला सुचत नाही, विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत वाचून दाखवेपर्यंत.

पेठेतल्या मंडळींना हे माप लावून बघितले की त्यातला शहाणपणाही कळतो आणि अडचणही. उजव्या हाताची दोन बोटे नीट वळत नाहीत, एवढीच दुखापत समजू. शरीराच्या हिशेबात ती किरकोळ. शिकवण्या घेणाऱ्या सरांना खडू धरायला त्रास होईल, धंदा बुडणार नाही. तबलजीचा व्यवसाय मात्र संपला. गुरुजींचा गुडघा वाकेनासा झाला तर? प्रमाणपत्रावर वीस-पंचवीस टक्के येतील, पण पाटावर मांडी घालून चार तास बसता न येणाऱ्या गुरुजींना सत्यनारायणाला कोण बोलावणार? हे प्राधिकरणाला आपोआप कळत नाही, सांगावे लागते. साक्षीदार आणावा लागतो, काम कसे चालते ते दाखवावे लागते, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला उभे करावे लागते. डॉक्टर यायला नाखूश असतात हे खरे. तरीही उपचार करणाऱ्यालाच आणलेले बरे. पैसे घेऊन प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांबद्दल त्याच निकालात न्यायालयाने प्राधिकरणांना सावध केले आहे.

नंतरच्या निकालांत ही दृष्टी पुढे गेली. २०१४ मध्ये पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याचे कार्यात्मक, म्हणजे कमाईच्या हिशेबातले, अपंगत्व ८५ टक्के धरले गेले. भाजी विकायला पाय कशाला लागतात, या युक्तिवादाचा तिथे निकाल लागला. मंडईत एक फेरी मारलेल्या कुणालाही तो पटला नसता. २०१८ मध्ये दोन्ही हात निकामी झालेल्या सुताराचे प्रमाणपत्र ९० टक्क्यांचे होते, न्यायालयाने शंभर धरले. २०२० मध्ये टायपिंग आणि डेटा एन्ट्री करणाऱ्या, उजवा हात गमावलेल्या तरुणाच्या प्रकरणात, उच्च न्यायालयाने ४५ टक्क्यांवर आणलेला तोटा ६५ टक्क्यांवर नेला गेला. भविष्यात वाढणारे उत्पन्न केवळ मृत्यूच्याच नव्हे, अपंगत्वाच्या दाव्यातही धरायचे, हेही त्यात निःसंदिग्ध झाले.

आता हिशेब. तो घरी वहीवर करता येतो, आणि करावाच. समजा, पुस्तकाच्या दुकानातला बत्तीस वर्षांचा सेल्समन आहे, पगार महिना १५,००० आणि कमाईतला तोटा ४० टक्के ठरला. वर्षाचे १,८०,०००. प्रणय सेठी निकालानुसार (सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीशांचे पीठ, ऑक्टोबर २०१७) चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. झाले २,५२,०००. त्याचे ४० टक्के म्हणजे १,००,८००. आता वयाचा गुणक. तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यावरून येतो : पंधरा ते पंचवीसला १८, एकतीस ते पस्तीसला १६, पुढे उतरत उतरत पासष्टीनंतर ५. सोळाने गुणले की १६,१२,८००. उपचारांचा खर्च, अंथरुणावरच्या महिन्यांचा बुडालेला पगार, वेदना, पुढची शस्त्रक्रिया, तरुण असेल तर लग्न जमण्यातली अडचण, हे सगळे वेगळे.

याच सेल्समनने पगाराचा एकही कागद आणला नाही आणि मालकाने ‘साक्षीला मी येणार नाही’ म्हटले, म्हणून प्राधिकरणाने अंदाजाने १०,००० धरले, तर हाच आकडा १०,७५,२०० वर येतो. पाच लाख सदतीस हजारांचा फरक, आणि त्यात दुखापत तीच, माणूस तोच. त्यात पुन्हा कार्यात्मक तोटा चाळिसाऐवजी वीस धरला गेला तर निम्मे. विमा कंपनीला मोठी लढाई करावीच लागत नाही. दावेदाराचा दप्तर-आळस तिचे काम करून टाकतो.

डबे देणाऱ्या काकूंचे काय, हा प्रश्न न्यायालयांना बरीच वर्षे छळत होता. जमशेदपूरला १९८९ मध्ये लागलेल्या आगीच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० धरले, तेव्हा ते मोठे पाऊल वाटले होते. जानेवारी २०२१ च्या कीर्ती निकालात घरकामाला आर्थिक मूल्य आहे आणि त्यातही भविष्यातली वाढ धरायची, हे मान्य झाले. तरी काल्पनिक उत्पन्न ते काल्पनिकच, आणि ते कमीच निघते. काकूंनी बँकेच्या पासबुकात दरमहा काही जमा केले असेल, यूपीआयचे व्यवहार असतील, किराणा दुकानदाराची महिन्याची बिले असतील, डबा घेणारी दोन मुले साक्ष द्यायला येत असतील, तर त्या गृहिणी राहत नाहीत, व्यावसायिक ठरतात. मुलांच्या बाबतीत २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुशल कामगाराचे किमान वेतन आधार धरायला सांगितले. त्याआधी, २०२० च्या काजल प्रकरणात, बाराव्या वर्षी पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीसाठी सांभाळणाऱ्या माणसाचा खर्चही गुणक लावून, म्हणजे आयुष्यभराचा, दिला गेला. हा मुद्दा वकीलही कधी कधी विसरतात. अर्जात ‘मदतनीस’ हे कलम आहे ना, ते बघून घ्यावे.

हे सगळे पुढचे. त्याआधी चौकी. पेठेतला अपघात विश्रामबाग किंवा फरासखाना पोलिसांकडे नोंदला जातो, आणि तिथे पहिल्या दोन दिवसांत काय लिहिले जाते त्यावर दाव्याचा पाया बसतो. आपल्याकडची रीत अशी, की धडक देणारा ओळखीचा निघतो, नाहीतर ओळखीच्याच्या ओळखीचा. ‘दवाखान्याचा खर्च मी देतो, तक्रार कशाला’ असे म्हणतो, आणि चार लोक मध्ये पडून मिटवतात. पंधरा हजार येतात. सहा महिन्यांनी हाड जुळले नाही असे कळते, तोवर ना एफआयआर, ना घटनास्थळाचा पंचनामा, ना गाडीचा नंबर. तेव्हा आठवतो तो विमा, जो मुळात अशाच वेळेसाठी सक्तीचा आहे. भरपाई धडक देणाऱ्याच्या खिशातून नव्हे, त्याच्या विमा कंपनीकडून यायची असते, हे दोघांनाही माहीत नसते म्हणून ही घाई. रुग्णालयात दाखल होताना ‘घरात पडलो’ असे सांगणारेही आहेत. तो एक शब्द केसपेपरवर राहतो आणि दाव्याला पुरून उरतो.

उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले आणि स्कूटरवाला आदळला, हा पेठेचा खास अपघात. गाडी चालत नव्हती म्हणून विमा लागू नाही, असे कुणी सांगितले तर ऐकू नये. पुणे-बंगळूर महामार्गावर १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये पेट्रोलचा टँकर उलटून पडला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. जमलेले गावकरी भाजले, काही गेले. हा स्फोट वाहनाच्या ‘वापरातून’ झाला का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९१ मध्ये उत्तर ‘हो’ असे आले. पडलेल्या, थांबलेल्या गाडीलाही वापर असतो, हे महाराष्ट्रातल्या या प्रकरणाने देशाला दिलेले तत्त्व आहे.

चूक कुणाची हे ठरवताना फौजदारी खटल्याची मोजपट्टी लागत नाही. कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, त्यानंतर शहर महिनोन्महिने फक्त शिक्षेबद्दल बोलत होते. ते स्वाभाविक होते. पण शिक्षा आणि भरपाई हे दोन वेगळे रस्ते आहेत. चालक फौजदारीत सुटला तरी दावा पडत नाही, कारण इथे संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यता कुणाच्या बाजूने झुकते एवढे पुरते. परवाना नसलेल्याने धडक दिली तरी पीडिताला बहुधा विमा कंपनीच आधी देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते.

हेल्मेटचा विषय पुण्यात काढणे म्हणजे घरातल्या जुन्या भांडणाला हात घालणे. जानेवारी २०१९ मध्ये सक्तीविरुद्ध इथे आंदोलने झाली. त्या वादात न पडता एवढेच नोंदवतो, की हेल्मेट नव्हते किंवा तिघे बसले होते म्हणून भरपाई आपोआप कापता येत नाही. त्या चुकीने अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते. तिघांच्या बाबतीत २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट म्हटले. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत विमा कंपनी ते दाखवू शकते, हेही तितकेच खरे.

मुदतीचा प्रश्न सध्या लटकलेला आहे. मोटारवाहन कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने दावा दाखल करायची मुदतच काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, ती सहा महिन्यांची झाली. हाड जुळायलाच आठ महिने लागतात आणि अपंगत्व स्थिरावल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, त्या माणसाला सहा महिने ही मुदत जाचकच. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, मुदत उलटली या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असे सांगितले. अंतरिम म्हणजे अंतरिम. त्याच्या भरवशावर झोपू नये. प्रमाणपत्र नंतर जोडता येते, अर्ज आधी टाकावा. कायद्याने आता पोलिसांवरही जबाबदारी आहे : ४८ तासांत पहिला अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाकडे, आणि तो अहवालच दावा म्हणून चालवता येतो. कागदावर ही व्यवस्था सुरेख आहे. प्रत्यक्षात आपल्या प्रकरणाचा अहवाल गेला का, हे चौकीत जाऊन विचारणारा माणूस घरात एक तरी असावा.

पेठेत शिकायला आलेल्या लातूर-नांदेडच्या मुलांसाठी एक सोय आहे. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा असे नाही, दावेदार राहतो त्या ठिकाणीही लावता येतो. वडिलांना तारखांसाठी शिवाजीनगरच्या न्यायालयात हेलपाटे घालायची गरज नाही.

कुणाचीच चूक सिद्ध करायची नसेल तर मोटारवाहन कायद्याचे कलम १६४ आहे : मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरावीक. लवकर मिळतात म्हणून मोह होतो. पण विमा कंपनीशी तडजोड करून ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. वर ज्या सेल्समनचा हिशेब मांडला, त्याने अडीच लाखांवर सही केली असती तर तेरा लाखांहून अधिक सोडून दिले असते. धडक देऊन पळालेल्या, सापडतच नसलेल्या गाडीसाठी वेगळी योजना आहे : मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. अर्ज महसूल खात्याकडे, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांमार्फत जातो. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजनाही लागू आहे. दाखल करतानाच विचारावे, नंतर नव्हे.

आणि ज्याला कुणी धडक दिलीच नाही, जो पावसाळ्यात खड्ड्यातून उडाला, तो? थर्ड पार्टी विमा इथे सहसा उपयोगाचा नाही, कारण दुसरी गाडीच नाही. २०१८ पासून मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे आहे. ते पॉलिसीत आहे की नाही, हे फारच थोडे लोक बघतात. त्यात मृत्यू आणि ठरावीक मोठे अपंगत्व येते, मोडलेले मनगट येत नाही. वर्षाला वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचेही तसेच : एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख. बँकेने वीस रुपये कापल्याचा मेसेज आपण त्रासून पुसतो, एवढीच बहुतेकांची त्या योजनेशी ओळख. खड्ड्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये महापालिकांना व रस्त्यांच्या इतर धन्यांना जबाबदार धरले : मृत्यूला सहा लाख, जखमीला दुखापतीनुसार ५०,००० ते अडीच लाख. दावे तपासायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. पुणेकराला खड्ड्यावर विनोद सुचतो तितका फोटो काढणे सुचत नाही. आता फोटो काढावा, तारखेसकट.

कामावर जाताना अपघात झाला तर आणखी एक दार उघडते. धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत गेला. तो ‘कामावर’ होता का, यावर बावीस वर्षे वाद चालला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घरून कामावर जातानाच्या अपघाताचा कामाशी संबंध दिसत असेल तर तो नोकरीतलाच अपघात, असे ठरवून कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे तत्त्व आलेच आहे. मात्र मोटार अपघाताचा दावा आणि कामगार भरपाई, दोन्ही घेता येत नाहीत. मोटारवाहन कायद्याखाली रक्कम सहसा जास्त निघते, पण तिथे समोरच्याची चूक दाखवावी लागते. निवड विचार करून करावी. नोकरी टिकते का, हाही प्रश्न आहे. सरकारी आस्थापनेत नोकरीदरम्यान दिव्यांगत्व आले तर कामावरून काढता येत नाही, झेपेल असे दुसरे पद द्यावे लागते. खासगी दुकानातल्या सेल्समनला हे कवच नाही, आणि म्हणूनच त्याचा कार्यात्मक तोटा मोठा धरला जायला हवा. हा युक्तिवाद मी स्वतः फार महत्त्वाचा मानतो आणि तो दाव्यांत हवा तितका केला जात नाही.

मेडिक्लेमने रुग्णालयाचे बिल भरले म्हणून दाव्यातून ते वजा करावे, हा विमा कंपन्यांचा आवडता आग्रह. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये तो फेटाळला. आपण हप्ते भरून घेतलेल्या संरक्षणाचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला कशाला?

वकिलाच्या फीबद्दल बोलायचे तर, मिळेल त्यातला इतका हिस्सा माझा, असा करार वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी वर्ज्य आहे, आणि तो सर्रास चालतो. दिव्यांग व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर वरचा हिशेब करून मगच जावे, कारण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. प्राधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते, आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालले तर तेही मोठे होते. निवाड्यापर्यंतच्या या व्याजावर आयकर लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. तरी विमा कंपनीने व्याजातून कर कापला असेल तर विवरण भरून तो परत मागावा. ज्याने आजवर विवरण भरलेच नाही, त्याचे ते पहिले विवरण असेल.